मूंझ म्हणजे नुसती उदासी नव्हे: जरीपटक्यातील एका मुलाच्या आघातोपचारासाठी दुभाषी घडवताना

उत्तर नागपुरातला जरीपटका फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवला. पाकिस्तानच्या सिंध प्रांतातून हिंदू कुटुंबं नंतरही इथे येत राहिली आणि त्यांतली बहुतेक दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. त्यामुळे सरकारी कागदावर ही मुलं निर्वासित नसतात, आणि शाळा, दवाखाना, समुपदेशन केंद्र अशा कुठल्याच ठिकाणी त्यांच्यासाठी वेगळी सोय नसते.

हे प्रकरण अशाच एका तेरा वर्षांच्या मुलाचं आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत आणि सारख्या कामांतले काही प्रसंग इथे एकत्र आणले आहेत. भाषेच्या चुका मात्र जशा होतात तशाच ठेवल्या आहेत, कारण सगळं शिकणं त्यांच्याभोवतीच झालं.

कुटुंब उत्तर सिंधमधलं. काश्मोर, घोटकी, शिकारपूर या जिल्ह्यांत सिंधू नदीच्या पूरपट्ट्यात डाकूंच्या टोळ्या आहेत आणि खंडणीसाठी माणसं उचलणं हा त्यांचा धंदा. मुलाच्या चाचाला त्याच्या डोळ्यांदेखत मोटारसायकलवरून नेलं. काही आठवड्यांनी पैसे देऊन चाचा परत आला आणि पुढच्या वर्षी घर नागपूरला आलं. शाळेतून तक्रार आली ती अशी: बुलेट मोटारसायकलचा आवाज आला की मुलगा वर्गातून उठून पळतो, दाराकडे पाठ करून बसत नाही, मधेच डुलक्या घेतो. त्याची रात्रीची झोप मोडलेली होती.

पहिल्या तीन बैठका मानसशास्त्रज्ञ बाईंनी हिंदीत घेतल्या. मुलाला शाळेतल्या उर्दूमुळे हिंदी कळत होती, मग दुभाष्याची गरज काय, असा विचार. ही सर्रास होणारी चूक आहे. दुकानात सामान आणण्याइतकी भाषा आणि खाटेखाली लपलेलं असताना काय ऐकू आलं हे सांगण्याइतकी भाषा, यांत फार अंतर असतं. तीन बैठकांत मुलाची उत्तरं ‘ठीक है’, ‘पता नहीं’ आणि ‘कुछ नहीं’ यांपलीकडे गेली नाहीत. आईला तर हिंदी निम्मीच समजत होती.

म्हणून वस्तीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला बोलावलं. वय बावन्न, सिंधी आणि मराठी दोन्ही सफाईदार, मनाने अतिशय मायाळू. प्रशिक्षण काही नाही. मुलगा त्यांना लगेच ‘मासी’ म्हणू लागला आणि बोलूही लागला, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की गाडी रुळावर आली. तरीही दोन गोष्टी खटकत होत्या. मुलगा मिनिटभर बोलायचा आणि अनुवाद दोन वाक्यांत संपायचा. शिवाय आघाताची लक्षणं मोजणाऱ्या मापनीवरचा आकडा मुलाच्या वागण्याशी जुळत नव्हता. आईवडील आणि मुलगा यांच्या संमतीने एक बैठक रेकॉर्ड केली आणि सिंधमध्येच वाढलेल्या दुसऱ्या एका व्यक्तीकडून ती ओळीओळीने तपासून घेतली. पन्नास मिनिटांचं रेकॉर्डिंग तपासायला सहा तास लागले. त्यातून जे निघालं ते सविस्तर सांगायला हवं.

मुलगा म्हणाला होता, ‘कचे में वठी विया.’ अनुवाद झाला, ‘कच्च्या रस्त्याने घेऊन गेले.’ सिंधमध्ये ‘कचो’ म्हणजे बंधाऱ्याच्या आत, नदीच्या पात्रालगतचा सखल जंगली पट्टा, जिथे पोलीसही सहज शिरत नाहीत. ‘कच्यात नेलं’ याचा त्या भागातल्या मुलाला कळणारा अर्थ असा की माणूस जिवंत परतेल याची खात्री नाही. ते भय एका शब्दात होतं आणि मराठीत त्याचा धुळीचा रस्ता झाला. जरीपटक्यात जन्मलेल्या शिक्षिकेने नदीचा तो पट्टा कधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे दोष त्यांचा म्हणता येत नाही.

‘ओताक’चंही तसंच. अनुवादात तो ‘हॉल’ झाला. सिंधी घरात ओताक म्हणजे पुरुष पाहुण्यांची बैठकीची खोली, बहुतेकदा फाटकाजवळ आणि मुख्य घरापासून वेगळी. मुलगा ओताकमधल्या खाटेखाली लपला होता, म्हणजे त्या क्षणी तो आईपासून तुटलेला होता आणि फाटकाच्या सर्वात जवळ होता. ‘हॉल’ ऐकून मानसशास्त्रज्ञांच्या डोळ्यासमोर आई शेजारच्या खोलीत असलेलं चित्र उभं राहिलं आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, ‘मग तू आईकडे का नाही गेलास?’ मुलगा गप्प झाला. त्याला तो आरोप वाटला असणार.

तिसरा शब्द ‘मूंझ’. संध्याकाळी मूंझ होते, असं मुलगा वारंवार सांगत होता. अनुवादात प्रत्येक वेळी ‘उदास वाटतं’ आलं आणि नोंदीत नैराश्याच्या बाजूला खुणा होत गेल्या. मूंझमध्ये हुरहुर आहे, जीव कासावीस होणं आहे, कुणाची तरी आठवण येणंही आहे. नंतर विचारलं तेव्हा कळलं की मूंझ दिवेलागणीलाच होते, आणि तिकडे त्या वेळी चाचा दुकान बंद करून घरी यायचा.

काही गोष्टी शब्दांच्या चुका नव्हत्या. मुलाने अंथरूण ओलं होत असल्याचं सांगितलं, ते संकोचापोटी ‘झोप नीट लागत नाही’ असं पोचलं. तो रडू लागला तेव्हा मासींनी ‘पुट, रडू नको’ म्हणून पाठीवर हात फिरवला आणि हे अनुवादातच आलं नाही. आणि सगळ्यात महागात पडलेली गोष्ट: मुलगा थांबला की चार-पाच सेकंदांत मासी स्वतःच विचारत, ‘पोइ छा थियो?’, म्हणजे पुढे काय झालं? मानसशास्त्रज्ञांनी तो प्रश्न विचारलेलाच नसायचा. आघाताच्या कामात शांतता म्हणजे मूल आठवणीच्या काठावर उभं आहे, आणि त्याला मागून ढकलायचं नसतं.

मापनीचा घोळ वेगळाच होता. क्राइज-८ ही मुलांसाठीची आठ प्रश्नांची मापनी आहे. चार प्रश्न नको असताना येणाऱ्या आठवणींचे, चार टाळाटाळीचे. उत्तराला ०, १, ३ किंवा ५ गुण मिळतात, बेरीज १७ किंवा जास्त आली तर सखोल तपासणी करायची. ‘क्वचित’ आणि ‘कधीकधी’ या दोन्ही पर्यायांना मासी ‘कडहिं कडहिं’ म्हणत होत्या. मुलगा ते पहिल्यांदा ऐकताच हो म्हणायचा, म्हणजे तीनच्या जागी एक गुण. शिवाय प्रश्न समजावताना त्या उदाहरणं देत आणि मुलगा उदाहरणालाच नकार देई. बेरीज आली ११. पुढे चार स्टीलचे पेले मांडले, रिकामा, तळाशी थोडं पाणी, अर्धा आणि काठोकाठ, आणि मुलाला नुसतं बोट दाखवायला सांगितलं. तेव्हा बेरीज २७ आली.

इथे उपचार थांबवून आधी दुभाषी तयार करायचं ठरलं. तेरा वर्षांच्या मुलाला दीड महिना ताटकळत ठेवणं जिवावर येतं, म्हणून त्या काळात श्वासाचे व्यायाम, झोपेची घडी बसवणं आणि आईसोबतचं बोलणं चालू ठेवलं. घटनेला हात लावला नाही.

पाच जणींशी बोलून दोघी निवडल्या. एक त्याच शिक्षिका, कारण मुलाचा त्यांच्यावर विश्वास बसला होता आणि आपल्या चुकांचं रेकॉर्डिंग त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं होतं. दुसरी चोवीस वर्षांची, आठ वर्षांपूर्वी सिंधहून आलेली. तिला कचो, ओताक सगळं ठाऊक, पण मराठी कच्ची. निवडीच्या वेळी तीन गोष्टी पाहिल्या. दोन मिनिटांचं निवेदन ऐकून ते दुसऱ्या भाषेत किती गळतं. मिनिटभर शांत बसता येतं का. आणि गेल्या वर्षभरात घरात मृत्यू किंवा मोठा धक्का झाला आहे का, असल्यास आत्ता नको. मुलाची एक आतेबहीण उत्तम हिंदी बोलायची, तरी तिला घेतलं नाही. नात्यातला माणूस दुभाषी नको, हा नियम मोडायचा मोह फार होतो. पण घरच्यांसमोर मूल घरच्यांना जपतच बोलतं.

प्रशिक्षण चोवीस तासांचं होतं, सहा शनिवार, चार-चार तास. पहिल्या शनिवारी आघात म्हणजे काय, आठवण तुकड्यातुकड्यांत का येते, मुलगा एकदम सुन्न झाला तर ते दुर्लक्ष का नव्हे, एवढंच. त्यानंतरचा सगळा वेळ सरावावर दिला, कारण व्याख्यानाने जिभेची सवय बदलत नाही.

सर्वात जास्त वेळ गेला प्रथमपुरुषात. दुभाष्याने ‘तो म्हणतो की तो लपला’ म्हणायचं नाही, ‘मी लपलो’ म्हणायचं. मराठीत इथे एक अडचण आपोआप येते. बाई बोलत असल्या की तोंडातून ‘मी लपले’ निघतं. नियम केला की लिंग मुलाचंच राहील: मी लपलो, मी घाबरलो, मी ओरडलो नाही. दोघींना हे पहिले दोन दिवस अवघड गेलं. नंतर याचा एक अनपेक्षित उपयोग झाला. सवय पक्की झाल्यावरही एखाद्या वाक्यात ‘मी लपले’ आलं तर दुभाषी स्वतः त्या प्रसंगात ओढली गेली आहे का, हे तपासायची ती खूण ठरली. बैठकीनंतर त्या वाक्याशी परत जायचं.

सिंधीतल्या ‘असीं’चं, म्हणजे ‘आम्ही’ किंवा ‘आपण’चं, मराठी करतानाही थांबावं लागतं. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. ‘असीं पळालो’ हे ‘आम्ही पळालो’ असेल तर त्या ‘आम्ही’त कोण, आई होती की नव्हती, हे दुभाष्याने गृहीत धरायचं नाही. ‘दुभाषी म्हणून विचारते’ असं दोन्ही भाषांत सांगून मुलालाच विचारायचं. हे वाक्य दोघींकडून घोकून घेतलं. दुभाष्याने स्वतःच्या वतीने काहीही बोललं, तरी ते दोन्ही बाजूंना कळलं पाहिजे.

तुकडा केवढा घ्यायचा, याचंही माप ठरलं. मानसशास्त्रज्ञांनी एका वेळी दोनच वाक्यं बोलायची. मुलाने साधारण अर्धा मिनिट बोलल्यावर दुभाष्याने मांडीवरचा तळहात हलकेच उचलायचा, की मुलगा थांबतो. घटनेच्या ऐन मध्यावर मात्र हात उचलायचा नाही, तिथे मानसशास्त्रज्ञांच्या कानाशी कुजबुजत सोबतच अनुवाद करायचा. टिपणात फक्त नावं, आकडे आणि क्रम, आणि तो कागद बैठक संपताना मुलासमोर फाडायचा.

शांततेचा सराव घड्याळ लावून केला. एक जण मूल होऊन मधेच थांबायचा, दुभाष्याने वीस सेकंद काही बोलायचं नाही, मग चाळीस. शिक्षिकेला हे सर्वात कठीण गेलं. आयुष्यभर वर्गात थांबलेल्या मुलाला पुढचा शब्द सुचवणं हेच त्यांचं काम होतं. तिसऱ्या शनिवारी त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून चाळीस सेकंद काढले.

शब्दसूची त्रेसष्ट शब्दांची झाली. मूंझ, डपु (भीती), कचो, ओताक यांसारखे शब्द अनुवाद न करता जसेच्या तसे मराठीत न्यायचे आणि मानसशास्त्रज्ञांनी मुलाला त्यांचा अर्थ विचारायचा, असं ठरलं. शरीराचे, शौचाचे आणि शिव्यांचे शब्दही यादीत घेतले आणि ते मोठ्याने म्हणून घेतले. ऐन वेळी लाज आडवी येऊ नये म्हणून लाज आधीच खर्चावी लागते.

गुप्ततेवर वेगळे चार तास दिले. जरीपटक्यात कोण कुणाच्या घरी गेलं हे संध्याकाळपर्यंत कळतं, आणि पुढे सोयरिकी याच वस्तीत व्हायच्या असतात. त्यात २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदू नागरिकांना आधी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहिले, तरी घराघरांत धास्ती बसली. आम्ही इथे बोललेलं पोलीस आयुक्तालयात जाईल का, हा प्रश्न आईने तीनदा विचारला. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मधलं गोपनीयतेचं बंधन आरोग्य व्यावसायिकांवर आहे. दुभाषी त्यात मोडत नाही, म्हणून तिच्याशी वेगळा लेखी करार केला आणि तो आईला सिंधीत वाचून दाखवला. त्यात अपवादही स्पष्ट सांगितला: मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर ती कळवावीच लागते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची नोंदवही ठेवायची असते. ती व्यवस्था त्या कायद्याखालच्या प्रकरणांसाठी आहे. थेरपीसाठी अशी नोंदवही नाही, आणि ती असायला हवी.

रस्त्यात मुलगा किंवा त्याची आई भेटली तर काय करायचं, याचाही सराव झाला. ओळख त्यांनी दाखवली तरच दाखवायची. बैठकीच्या आधी किंवा नंतर मुलासोबत एकटं थांबायचं नाही, पाणी द्यायलासुद्धा. हे कठोर वाटतं, पण बाहेरच्या बाकावर मुलाने मासींना काही सांगितलं तर ते ओझं एकट्या मासींवर पडतं आणि उपचारात कधी येतच नाही.

शिकायचं मानसशास्त्रज्ञांनाही होतं. मुलाकडे पाहून बोलायचं, ‘त्याला विचारा’ म्हणायचं नाही. एका प्रश्नात एकच गोष्ट. म्हणी नकोत. बैठकीआधी पंधरा मिनिटं दुभाष्यासोबत, आज कुठवर जायचं आणि कोणते शब्द येतील हे सांगायला. नंतर पंधरा मिनिटं, काय अडलं आणि कशाने त्रास झाला हे ऐकायला. पन्नास मिनिटांच्या कामाला दुभाष्यासह ऐंशी मिनिटं धरायची, घाई करून ती वाचत नाहीत. दुभाष्याचं मानधन या सगळ्या वेळेसह ठरवलं, आणि मुलगा ऐन वेळी आला नाही तरी अर्धं दिलं.

खोलीही बदलली. मे महिन्यात कूलरशिवाय बसणं नागपुरात अशक्य, आणि रेकॉर्डिंगमध्ये मुलाची हलक्या आवाजातली वाक्यं कूलरखाली बुडाली होती. बैठका सकाळी आठला घेतल्या, कूलर आधी अर्धा तास चालवून बंद केला, पंखा संथ ठेवला. खुर्च्या त्रिकोणात, मुलाला दार दिसेल अशा. रस्त्याकडची खिडकी लावून घेतली, आणि बुलेट गेलीच तर ‘आत्ता रस्त्यावरून गाडी गेली’ एवढंच मानसशास्त्रज्ञ म्हणतील आणि दुभाषी ते त्याच संथ आवाजात सांगेल, असं ठरलं. दुभाष्याचा सूर हाही उपचाराचाच भाग असतो.

मग दहा बैठका झाल्या. पद्धत निवेदनाधारित, मुलांसाठी जुळवलेली. जमिनीवर दोर पसरायचा, जन्मापासून आजपर्यंतचा. चांगल्या आठवणीला फूल, वाईटाला दगड, आणि मग एकेका दगडाची गोष्ट सावकाश, तेव्हा आणि आत्ता यांतला फरक सतत सांभाळत. मुलाने चाचाच्या जागी ठेवायला बाहेर जाऊन विटेचा तुकडा आणला, दिलेले खडे त्याला पुरेसे मोठे वाटले नाहीत. या पद्धतीत मुलाचं निवेदन लिहून पुढच्या बैठकीत त्याला वाचून दाखवतात. इथे ते मराठीत लिहिलं जाई आणि मासी ते सिंधीत वाचत. प्रत्येक वाक्य दोनदा भाषा ओलांडत असल्याने चूक वाढायची भीती होती, पण तपासणीही तिथेच झाली. मुलगा वाचन अडवून दुरुस्त्या सांगायचा. पाचव्या बैठकीत त्याने अकरा दुरुस्त्या केल्या आणि त्यांतली एक मोठी होती: चाचाने त्याला लप म्हणून सांगितलं होतं, तो आपणहून लपला नव्हता. पहिल्या लेखनात ते निसटलं होतं.

चौथ्या बैठकीत मासी अडखळल्या. घराला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याकडे दिल्याचं मुलगा सांगत होता. मासींच्या वडिलांनी १९४७ ची हीच गोष्ट घरात अनेकदा सांगितलेली. अनुवादात ‘मी किल्ली दिली’ ऐवजी ‘आम्ही किल्ल्या दिल्या’ आलं आणि आवाज दाटला. त्यांनी ठरलेली खूण केली, पेन आडवा ठेवला. पाच मिनिटं थांबवलं, मुलाला ‘मासींना घोटभर पाणी हवं आहे’ असं खरं तेच सांगितलं. पर्यायी दुभाषी बाहेर तयार होती, पण ऐन निवेदनात माणूस बदलणं मुलासाठी महाग असतं, म्हणून मासींनीच बैठक पुरी केली. त्या आठवड्यात त्यांच्यासोबत दोन तासांची स्वतंत्र देखरेख बैठक झाली. कुठलं वाक्य त्यांचं आणि कुठलं मुलाचं, हे त्यांनी कागदावर दोन रकान्यांत लिहिलं. पुढच्या बैठकांत तो प्रकार झाला नाही. झाला असता तर बदल करावाच लागला असता.

दहाव्या बैठकीनंतर पेल्यांनी घेतलेली क्राइज-८ ची बेरीज १२ होती. अंथरूण ओलं होणं सातव्या बैठकीपासून थांबलं. बुलेटच्या आवाजाला मुलगा अजून दचकतो, पण वर्गात बसून राहतो. आई दिवेलागणीला त्याला सोबत घेऊन चाचाला व्हिडिओ कॉल लावते. मूंझ त्याच वेळी यायची, म्हणून ही वेळ मुलानेच ठरवली.

एक काम अडलेलंच आहे. सिंधच्या थरपारकर आणि उमरकोट जिल्ह्यांकडून आलेल्या मुलांची घरची बोली ढाटकी आहे. तयार केलेल्या दोघींना ती जेमतेम समजते, बोलता येत नाही. ढाटकी बोलणाऱ्या दोन बायका शनिवारी यायला तयार आहेत. एकीला मराठी येत नाही, दुसरीला लिहिता-वाचता येत नाही. दुसरीपासून सुरुवात होईल, कारण टिपणाच्या जागी बोटांवर क्रम धरायला शिकवता येतो.